पाण्यातलं मांजर, पाण्यातलं कुत्रं

बाभळींवर पुन्हा बगळे बसले आहेत.

खरं म्हणजे तो कापूस आहे. वेचणी सुरू झाली की आमच्या गुडीहत्नूरवरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जाऊ लागतात, काही आदिलाबादला, काही भैंशाला. गाड्या काठोकाठ भरून वर आणखी फुगलेल्या असतात, आणि रस्त्यावर झुकलेल्या बाभळी जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून चिमूटभर कापूस काढून घेतात. थंडी नीट पडेपर्यंत काट्याकाट्याला पांढरा पुंजका लागलेला असतो. सकाळच्या धुक्यात लांबून पाहिलं तर वाटतं, एक अख्खा थवा उतरला आहे आणि अजून जागा झालेला नाही.

हे पहिल्यांदा दिसलं ते माझ्या बायकोला, सुजाताला. "मास्तर, बगळे पाहा किती बसले!" मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, म्हणून लग्नापासून ती मला मास्तरच म्हणायची. मी चष्मा काढून पुसायचो, पुन्हा लावायचो, आणि तोवर ती हसत सुटलेली असायची. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. नंतर नंतर मला ठाऊक असूनही मी चष्मा पुसायचो. मला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती हसायची.

हा तिच्याशिवायचा दुसरा हिवाळा. आता कुणी काही दाखवत नाही. चष्मा मात्र मी पुसतो.

घरातले आवाज कमी झाले आहेत. शेवटच्या वर्षात तिचा स्वतःचा आवाजही बसत गेला होता. फुफ्फुसात पाणी साचायचं, मोठ्याने बोललं की खोकला उठायचा. मग मला बोलावण्यासाठी ती शीळ घालू लागली. ओठांचा चंबू करून बारीक, ओलसर, शेवटी वर चढत जाणारी शीळ: च्युईं. थोडं थांबून पुन्हा एकदा, च्युईं. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलेला असायचो. "आलो," म्हणायचो, पुस्तक पालथं घालायचो आणि आत जायचो. कधी पाणी हवं असायचं, कधी उशी सरकवायची असायची. कधी काहीच नसायचं. "काई न्हाई. येता का न्हाई ते पाहून राह्यली होती." आमची मुलगी प्रज्ञा सुटीत आली की आईला म्हणायची, "काऊन वो आई, बाबा का कोंबडीचं पिल्लू हायेत?" त्यावर आई मुद्दाम पुन्हा शीळ घालायची आणि मी पुन्हा "आलो" म्हणायचो.

अजूनही वाचता वाचता कान आतल्या खोलीकडे जातो. पुस्तक पालथं पडतं. मग मी ते तसंच राहू देतो, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा उचलतो.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या हिवाळ्याबद्दल. आम्ही समुद्र पाहिला त्या हिवाळ्याबद्दल.

सुजाताचं माहेर पैनगंगेच्या अगदी काठावर. ती लहान असताना एका सकाळी सगळं गाव नदीकडे पळालं होतं. नदीत पाणमांजर आलं होतं. सुजाताला तेव्हा गोवर निघाला होता, तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. परत आलेल्यांनी तिला सांगितलं, मांजरासारखं तोंड असते, लांब मिशा, मासा पोटावर धरून उताणं पोहते. ती रोज नदीवर जाऊन बसायची. पाणमांजर पुन्हा आलं नाही. पुढे रेती उपसून नदीचीच रया गेली. पण ती गोष्ट तिच्या बोलण्यातून गेली नाही. एखाद्या लग्नाचं जेवण चुकावं तसं ती म्हणायची, "साऱ्या गावानं पाह्यलं, मीच तेवढी राह्यली."

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी उपचारांत थोडी उसंत दिली होती. तिचे केस नुकते परत येऊ लागले होते, लहान मुलाच्या जावळासारखे मऊ. त्यावर ती निळा स्कार्फ बांधायची. कुठे जाऊ या, असं मी विचारलं. मला वाटलं, ती प्रज्ञाकडे म्हणेल, नाहीतर भावाकडे. ती म्हणाली, "दवाखान्याचं छत गंज दिवस पाह्यलं. आता मले पाणमांजर दाखवा."

मी माझ्या सवयीप्रमाणे पुस्तकांत शोधलं. गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथे, काकिनाड्याजवळ, कोरिंगाचं राखीव जंगल आहे. चिखलात आणि खाऱ्या पाण्यात उभं असलेलं खारफुटीचं जंगल. तिथे पाणमांजरं आहेत, असं लिहिलेलं होतं. मी नकाशा तिच्यापुढे ठेवला. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेत जाते, प्राणहिता गोदावरीत. तिने बोट फिरवत फिरवत थेट समुद्रापर्यंत नेलं आणि तिथेच टेकवून ठेवलं.

"म्हंजे हे माह्या माहेरचंच पाणी."

निघण्याआधी तिने वहिनीला फोन केला. खारफुटीच्या जंगलाला तेलुगूत मड अडवी म्हणतात. आमच्या बोलीत मडं म्हणजे प्रेत. फोनमधून वहिनींचा आवाज मला बाजूला ऐकू येत होता. "मड्याच्या जंगलात? काऊन वो बाई? आताच तं दवाखान्यातून निंगाली तू!"

"मडं न्हाई वो वैनी, मड. झाडं हायेत ते."

"झाडं असो का काई असो. नाव तं पाहा!"

फोन ठेवल्यावर सुजाता इतकी हसली की खोकला लागला. मग पाणी पिऊन म्हणाली, "चला मास्तर, वैनीले वाटते मी आगाऊ जागा पाहाले चालली." मी हसलो नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या वाटचंही हसून घेतलं.

वाटेत कोल्लेरू तळ्यावर थांबलो होतो. तिथे पेलिकन होते. चोचीखाली पिशवी लोंबणारे ते जड पक्षी झाडांच्या शेंड्यांवर बसले होते, आणि एवढ्या जड पक्ष्यांखाली एवढ्या बारीक फांद्या कशा टिकतात हे मला कळत नव्हतं. "बाजारात पिशवी घेऊन आले अन् काय घ्याचं तेच भुलले," ती म्हणाली. त्या सकाळी तळ्यावर फार धुकं होतं. पक्षी उडत ते धुक्यातून येऊन धुक्यातच जात, आणि पंखांचा आवाज मात्र मागे राही. आठवताना आता मला तळं आठवत नाही. पांढऱ्या हवेत उभा असलेला एक निळा स्कार्फ आठवतो.

कोरिंगाला खारफुटीतून लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे. खाली राखाडी चिखल, आणि चिखलातून वर आलेली मुळंच मुळं, पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी. आमच्याकडे मुळं खाली जातात. इथे ती वर आली होती. चिखलात हवा नसते म्हणून ही झाडं मुळं वर काढून श्वास घेतात, हे मी तिला शिकवण्याच्या सुरात सांगितलं. ती वाकून बराच वेळ पाहत राहिली. त्या दिवशी ती थोडं चालायची आणि थांबायची.

"मास्तर, डॉक्टरले सांगा न. मले असं एखांदं मूळ लावून द्या म्हना."

चिखलावर बोटभर लांबीचे मासे होते. ते पाण्यात न राहता चिखलावर परांवर रेटत चालत होते, मध्येच उडी मारत होते. एकच नांगी मोठी असलेले लाल खेकडे बिळाच्या तोंडाशी ती नांगी हलवत होते. ओहोटी लागली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. नाल्यातलं पाणी मघाशी आत येत होतं, ते आता समुद्राकडे निघालं होतं. भरती-ओहोटी मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने शिकवली होती, चंद्रासकट. नदीकाठी वाढलेल्या बाईला पाणी माघारी फिरताना पाहणं काय असतं, हे मात्र मला तिच्या हातातून कळलं.

"नदी वापस येते बाप्पा इथं," ती म्हणाली. "पैनगंगा कदी वापस आली का?"

मग आम्ही होडीत बसलो. होडी इंजिनाची होती. सुजाता पुढे, अगदी टोकाशी बसली. मला उन्हाचा त्रास होतो म्हणून मी मागे, इंजिनाजवळ, छपराच्या सावलीत. नावाडी पोक्त आणि बोलका होता. सुजाताला तिच्या तेलुगूचा अभिमान होता. मी तेलुगू पुस्तकातून शिकलो, ती आदिलाबादच्या भाजीबाजारात, घासाघीस करत. पाणमांजराला तेलुगूत काय म्हणतात हे तिला माहीत नव्हतं, पण तिचं त्यावाचून अडलं नाही. पाण्यातलं म्हणजे नीटी, मांजर म्हणजे पिल्ली. तिने शब्द जुळवला.

"अण्णा, नीटी पिल्ली उंदा?"

नावाड्याने हसून मान हलवली. आहे, पण ते जनावर रात्री बाहेर पडतं, अम्मा. दिवसा मलाही दिसत नाही.

तिचे खांदे किंचित खाली आले. "घ्या," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "इथंबी तेच."

होडी पुढे गेली. दोन्ही बाजूंनी हिरव्या भिंती, वर घारी, पाण्यावर इंजिनाचा काळा धूर. एका वळणावर नावाडी एकदम उभा राहिला आणि काठाकडे हात करून ओरडला, "अम्मा, अदिगो! नीटी कुक्का!"

अदिगो म्हणजे ते पाहा. कुक्का म्हणजे कुत्रा.

"आता कुत्रे दाखवून राह्यला मले!" सुजाता म्हणाली. "आपल्या बसस्टँडवर काय कमी हायेत?"

मी हसलो. इंजिनाच्या आवाजात मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तिच्या स्कार्फचं टोक सुटून वाऱ्यावर उडत होतं आणि तो जाईल की काय म्हणून मी तिच्याकडे पाहत होतो. काठाकडे मी पाहिलं नाही. तिने पाहिलं का? हे मी नंतर इतक्यांदा आठवून पाहिलं आहे की आता आठवण झिजली आहे. कधी तिची मान वळलेली दिसते, कधी नाही. पाण्यावरचं ऊन तेवढं प्रत्येक वेळी दिसतं.

परतताना खारफुटीच्या शेंड्यांवर बगळे उतरू लागले. खरे बगळे. "मास्तर, कापूस पाहा किती लागला!" ती म्हणाली. मी चष्मा पुसला.

घरी येताना गाडीत ती खिडकीशी बसून ओठांचा चंबू करत होती. आधी नुसती हवा निघाली, मग काहीतरी चिरका आवाज. समोरच्या बाकावरची बाई पाहू लागली तरी हिचं चालूच. शेवटी जमलं. च्युईं.

"हे काय?" मी विचारलं.

"तिथं आयकलं. पाखरू असंल एखांदं. चांगलं वाटते न?"

चांगलं वाटत होतं. पुढचं सगळं वर्ष तो आवाज आमच्या घरात राहिला. गुडीहत्नूर जवळ आलं तेव्हा बाहेर बाभळी दिसू लागल्या होत्या, आणि ती काचेला कपाळ टेकून म्हणाली, "पाणमांजर तं राह्यलंच शेवटी." तक्रार नव्हती ती. पाऊस थांबला, असं सांगावं तशी म्हणाली. पण मला ते लागलं ते लागलंच. पुढच्या वर्षी ती गेली तेव्हाही, इतक्या सगळ्या राहिलेल्या गोष्टींतून, हेच वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. तिच्या रक्षेवर आम्ही तिच्या माहेरी, नदीच्या काठावर, करंजाचं रोप लावलं. भंतेजींनी वंदना म्हटली. पाणी घालताना माझ्या मनात आलं, हिला एवढं एकच पाहायचं होतं.

यंदा थंडी लागताना मी प्रज्ञाकडे वांकिडीला गेलो होतो. ती तिथल्या शाळेत तेलुगू शिकवते. शाळेच्या भिंतीवर कुण्या रंगाऱ्याने प्राणी रंगवले आहेत आणि प्रत्येकाखाली तेलुगूत नाव लिहिलं आहे. प्रज्ञाचा तास संपेपर्यंत मी भिंतीशी उभा होतो. हरीण, साळिंदर, मोर. त्यांच्या शेजारी चपट्या डोक्याचं, लांब मिशांचं, पुढच्या पायांत मासा धरलेलं ओलं जनावर. मी पुस्तकांत चित्रं पाहिली आहेत. ते पाणमांजर होतं. मी तेलुगू अजूनही अक्षर अक्षर लावून वाचतो. नी. टी. कु. क्का.

मी पुन्हा वाचलं. वर्गात मुलं काहीतरी एका सुरात म्हणत होती.

प्रज्ञा बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "याला कुत्रं का लिहिलंय?"

"तेलुगूत त्याले तसंच म्हनतात बाबा. पाण्यातलं कुत्रं. काऊन?"

"मग नीटी पिल्ली कोणती?"

तिने भिंतीचं दुसरं टोक दाखवलं. अंगावर ठिपके असलेलं एक रानमांजर पाण्याच्या कडेला दबा धरून बसलं होतं. "हे. मासे धरते. रात्रीच निंगते."

नावाडी खरंच सांगत होता. दोन्ही वेळा.

आम्ही सीमेवरची माणसं. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत जुने उर्दू शब्द. बोलता बोलता एकीतून दुसरीत जातो आणि उंबरा ओलांडल्याचं लक्षातही येत नाही. भाजी, पाऊस, तिकीट, आजार, सगळं इकडचं तिकडे नेता येतं. पण हे एक जनावर, मराठीत शिरलं की मांजर होतं आणि तेलुगूत गेलं की कुत्रं. पाण्याबद्दल तेवढं दोघींचं एकमत. सुजाताने मांजर मागितलं आणि तिला मांजराबद्दल उत्तर मिळालं. मग न मागता पाणमांजरच समोर आलं, आणि त्याचं नाव कुत्रं होतं.

मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. ती शाळेच्या पायरीवर बसली. आधी हसली, अगदी आईसारखी, आवाज न काढता खांदे हलवत. मग हसता हसता तिने पदर तोंडाला लावला.

"मंग आईनं पाह्यलं का न्हाई बाबा?"

"माहीत नाही."

"तुमी तिथंच होते न?"

"मी तिच्याकडे पाहत होतो."

ती पायरीवरून उठली. म्हणाली, "आपन जाऊ."

म्हणून आम्ही गेलो. कोल्लेरूवर या वेळी धुकं नव्हतं. पेलिकन स्वच्छ दिसत होते, आणि त्यामुळे कमी आठवतात. कोरिंगाच्या फळ्यांवर मी थोडं चालत होतो आणि थांबत होतो. आता मलाही थांबावं लागतं. मुळं तशीच चिखलातून वर आलेली होती. पाणी माघारी चाललं होतं. करंजाच्या रोपाला घातलेलं पाणी जमिनीत मुरून, कुठून कुठून, कधीतरी इथवर पोचत असेल का, असा विचार मनात आला. असले विचार मी वर्गात कुणाला करू दिले नसते.

होडीत चढताना प्रज्ञा कानाशी म्हणाली, "बाबा, या टायमाले मांजर नोका मागू." नावाडी दुसरा होता. मी माझ्या पुस्तकी तेलुगूत त्याला नीटी कुक्का दाखव म्हणालो, तेव्हा त्याने ओहोटी पाहिली आणि मान डोलावली. मी सावलीत बसलो नाही. पुढे, टोकाशी, तिच्या जागेवर बसलो. ऊन तोंडावर येत होतं. तिथे इंजिनाचा आवाज फारसा येत नाही. मागच्या वेळी हे मला कळायला मार्ग नव्हता. तिथून पाणी कापलं जाण्याचा आवाज येतो, चिखलातून बुडबुडे फुटण्याचा येतो, आणि घारीचाही.

वळणावर काठाचा चिखल उघडा पडला होता. नावाड्याने इंजिन बंद केलं. चिखलावर ओल्या घसरणीच्या खुणा होत्या, आणि त्यांच्या खाली, पाण्यात, तीन चपटी डोकी. एक काठावर आलं. अंग झटकलं, मिशांवरून पाणी ओघळलं. तोंड मांजराचं, हे तिच्या गावाने बरोबर सांगितलं होतं. आणि पाण्यातून नुसतं डोकं वर काढून पोहत होतं ते दुसरं, लांबून अगदी कुत्र्यासारखं.

काठावरच्या जनावराने मान वर केली आणि पाण्यातल्यांना हाक घातली. बारीक, ओलसर, शेवटी वर चढत जाणारी.

च्युईं.

प्रज्ञाने माझा दंड धरला. थोडं थांबून तीच हाक पुन्हा आली.

"आई," प्रज्ञा म्हणाली, हळूच, आतल्या खोलीतून कुणी बोलावलं की आपण म्हणतो तसं.

पाखरू नव्हतं ते. तिची मान वळली असेल किंवा नसेल, पण ते तिच्यापर्यंत पोचलं होतं, आणि ती ते घरी घेऊन आली होती. वर्षभर पाणमांजर आमच्या घरात होतं. पाणी मागत होतं, उशी सरकवून घेत होतं. येतो का नाही ते पाहत होतं.

प्रज्ञा माझ्याकडे पाहत होती. नावाडीही पाहू लागला, कारण मी होडीत अर्धवट उठून उभा राहिलो होतो, आणि का उभा राहिलो हे मलाच कळत नव्हतं. मग माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"आलो."